अर्धा सूर

दोन वर्षांमागं तो काळी दोनमध्ये गुणगुणायचा.
आता अर्धा सूर उतरलाय.
मिरजेत सतारीच्या घोडीला कान लावून
ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे कुणी सांगावं लागत नाही.

सुरू होताना खोकतो.
पूर्वी एक चहा संपेस्तोवर खोली गार व्हायची,
आता जेवणं उरकतात.
बिल मात्र चढ्या पट्टीत.

कुपवाडचा मुबीन टॉर्च मारून म्हणाला,
"चाचा, गॅस भरतो. पण कॉम्प्रेसर थकलाय.
काढंल एखादा उन्हाळा."

जुलेखाला सांगितलं, फिल्टर धुतला, झालं.

ती काही बोलली नाही.
एसीखालचं भगुलं मोरीत रिकामं केलं,
परत जागेवर ठेवलं.
तळाशी घडी घातलेलं फडकं होतं,
रात्री थेंब वाजू नये म्हणून.

कधीपासून, कोण जाणे.