सातवा रकाना

प्रूत नदी, मग अक्रोडांची रांग, मग हे गाव.
मिनीबसमधून उतरले आणि काळी माती
बुटांना चिकटली ती संध्याकाळपर्यंत.
यादीत चाळीस दारं होती. प्रश्न एकच :
देशानं युरोपच्या संघात जावं का?
उत्तरं सहा. हो. नाही. ठरलं नाही. सांगणार नाही.
मत देणार नाही. प्रश्न कळला नाही.
सातवा रकाना बंद घरांचा.
किशिनाऊच्या ऑफिसात वालेरियूंनी बजावलं होतं,
कुलूप दिसलं की सात लिही आणि पुढचं दार गाठ,
कुलपाशी गप्पा मारत बसू नकोस.

प्रोफिराबाईंची बोटं अक्रोड सोलून काळी झालेली.
"हो म्हणावं तर गॅस महागेल म्हणतात,
नाही म्हणावं तर लेक कायमची तिकडचीच."
मी 'ठरलं नाही'वर फुली मारली.
त्यांनी कागदात डोकावून विचारलं,
"कोणाचं?"

एकानं दार अर्धंच उघडलं, "किती देता?"
म्हटलं, हे पेन घ्या हवं तर.
त्यानं घेतलं.

हरालांबिये द्राक्षांच्या रसात कोपरापर्यंत बुडालेला.
"अख्खं गाव नाही म्हणणार.
एक घागर वाइनची पैज.
तुमची आकडेमोड म्हणजे अंदाजपंचे,
मी इथल्या कुत्र्यांनासुद्धा नावानं ओळखतो."

आणि मग ती निळी फाटकं.
मांडवावर न तोडलेले घड, त्यांत साळुंक्यांचा कालवा,
विजेचं बिल पेटीतून अर्धं बाहेर.
छपरावरची कौलं शाबूत,
कौल द्यायला आत कोणी नाही.
सात. सात. पुन्हा सात.
चाळिसांतली सतरा.
राहिलेल्या तेविसांवर मी अख्ख्या गावाचा भागाकार केला.

राजधानीचा अंदाज होता : हो, आरामात.
माझ्या वहीचा : नाही, थोडक्यात.
मतमोजणीच्या रात्री पडद्यावर नाही पुढे सरकत गेलं,
वालेरियूंच्या कॉफीवर साय धरली,
कोणी कोणाकडे बघेना.
खरं सांगते, बरोबर ठरत होते म्हणून
मला जरा बरंही वाटत होतं.

मग पहाटेच्या सुमाराला
पादुआच्या पेट्या आल्या. डब्लिनच्या. फ्रँकफर्टच्या.
कोणी तरी कुण्या परक्या म्हाताऱ्याला
दुपारची गोळी देऊन, तासाभराची सुट्टी मागून
रांगेत उभी राहिली असेल,
सुजलेले पाय आलटून पालटून टेकत.
आकडा नखभर सरकला. पुन्हा नखभर.
हो. जेमतेम.
सातवा रकाना बोलत होता
आणि त्यात लिहायला
माझ्याकडे एकही ओळ नव्हती.

पुढच्या आठवड्यात गेले, पैजेचं काय ते मिटवायला.
"गाव नाहीच म्हणालं," हरालांबिये म्हणाला, "घागर माझी."
"गाव म्हणजे किती दारं?"
तो काही बोलला नाही.
कमरेचा जुडगा काढला,
सतरांतल्या सहा घरांच्या किल्ल्या त्याच्याकडे.
पहिलं फाटक उघडलं, कुत्र्याला पाव टाकला,
ओल्या गवतातून क्विन्सची पिवळी फळं वेचून
माझ्या पिशवीत भरू लागला.
"घे. काल फोन आला होता तिचा,
सडू देऊ नका म्हणाली."