हानुसच्या नावानं

क्लाक्सविकच्या बंदरात, मासळीच्या कारखान्यावर
मार्युन रात्रपाळीला यादी चाळते आहे.
सोमवारी सगळं क्लाउडवर जायचं;
तिथं दर खात्यामागे भाडं,
म्हणून निजलेली खाती आधी गाळायची.

दोनशे अकरा नावं.
कुणी डेन्मार्कला गेलं, कुणी बोटीवर,
कुणी पासवर्ड विसरलं आणि लाजेनं
शेजारच्याच्या खात्यातून काम रेटत राहिलं.
ती टिचक्या मारत जाते: बंद. बंद. बंद.

हानुस. तोलाईवाला.
शेवटचं लॉगिन सात वर्षांपूर्वी,
मार्चमधला कुठलासा मंगळवार.
त्याच्या मातीला तीही गेली होती,
वाऱ्यानं पाद्र्याचे शब्द पळवले होते.

बंद.

पहाटे पाचला वजनांचा तक्ता येत नाही.
धक्क्यावर फोरमन ओरडतोय, बोटी खोळंबल्यात,
तेव्हा तिला उमगतं:
तो तक्ता रोज हानुसच काढत होता,
त्यानं लावून ठेवलेल्या वेळेवर,
त्याच्याच नावानं.

ती खातं पुन्हा उठवते.
पडदा विचारतो, खात्याचा प्रकार:
माणूस की सेवा?

गार कॉफी ढवळत
मार्युन बराच वेळ बसून राहते.
मग सेवा निवडते.
नाव मात्र बदलत नाही.