कंदील नावाचा युजर

लिलावाचा गलका संपला की मार्केट यार्डात
हळदीची धूळ हळूहळू कीबोर्डवर बसते.
एफ पाच पिवळा आहे. एंटर त्याहून पिवळा.

आज कोल्ड स्टोरेजचा डेटाबेस
पुण्याच्या मॉनिटरिंगला जोडायचा होता.
होस्ट, पोर्ट, नाव, पासवर्ड,
असे चार रकाने, आणि पाचवा, जो कुणी सांगत नाही:
मधल्या भिंतीला विचारलंय का?
तीनदा नकार आला.
चौथ्यांदा फायरवॉलमध्ये एका पत्त्यापुरती फट ठेवली,
मांजर जाईल एवढी.

युजर नवा काढला. बाबगोंडा शेठ खुर्चीमागे उभे.
"परका माणूस आमच्या वहीत हात घालणार?"
म्हटलं, हात नाही शेठ, नुसते डोळे.
पोती वाचेल, तापमान वाचेल,
एक स्वल्पविरामही हलवता येणार नाही त्याला.
"नाव काय त्याचं?"
मला सुचेना. तेच म्हणाले, "कंदील ठेव."

हरिपुरात पेवं होती तेव्हा
तोंड उघडलं की आधी कंदील सोडायचे, दोरीला बांधून.
जळत राहिला तर माणूस उतरायचा.
विझला तर झाकण उघडं टाकून
सगळे तंबाखू मळत बसायचे.
"कंदिलानं कधी हळद उचलली नाही," शेठ म्हणाले,
आणि सही केली.

सात वाजून दहा मिनिटांनी टिंब हिरवं झालं.
हिरवं म्हणजे एवढंच, की दोर खालपर्यंत पोचला.

मग पेव फुटावं तशी टेबलं आली,
एकमेकांची बोटं धरून:
पोत्याला लॉट, लॉटला मालक, मालकाला गाव.
अकरा पोत्यांना गाव नव्हतं,
ती कागदावर लिहून ठेवली.
शेवटी तापमान.
तीन नंबरच्या खोलीत काल रात्रभर बारा अंश.
नऊला बारा, अकराला बारा, एकला, तीनला, पाचला.
मुंगी चालली तरी तिचा तोल जाणार नाही अशी सरळ रेघ.
नोंद झाल्याची वेळ शेजारी मागवली.
पाचही नोंदी:
रात्री नऊ वाजून चार मिनिटं.

झाकीर मुजावर पावणेनऊला डबा घेऊन आला.
स्क्रीन त्याच्याकडे वळवली.
डबा हातातच, तो बराच वेळ रेघेकडे बघत राहिला.
"खोटं न्हाई मॅडम. बाराच असतंय.
आधी लिवून टाकतो, आन् मग रात्री दोनदा उठून
दाराला पाठ लावतो.
गार लागली की झालं."

पाठीसाठी रकाना नाही आमच्या टेबलात.

नियम लिहिला: दोन तासांत नवी नोंद नाही, तर फोन वाजेल.
वर दहा मिनिटं माझ्या पदरची.
कुणाचा फोन, तिथे हात थांबला.
त्याचा टाकला. खाली माझा.
शेठना रेघेबद्दल उद्या सांगेन.
किंवा परवा.

रात्री विश्रामबागच्या खोलीत
फोन वाजला नाही म्हणूनच जाग आली.
उघडून बघितलं.
खोली तीन, बारा पूर्णांक चार.
नोंद एक वाजून सहा मिनिटांची.
रेघेला पहिल्यांदाच
जरासं पोक आलं होतं.