अख्खा टर्की

वीस पौंडांचा टर्की, आणि ओव्हन एक.
त्याचंही दार मिटत नाही, दत्ताजीरावांनी सुतळीने बांधलंय.
जेवायला माणसं तेवीस.
बाहेर टोलेडोत सकाळपासून भुरभुर,
मॉमी नदीवरून येणारं वारं खिडकीच्या फटीत शीळ घालतंय.

गेल्या वर्षी मी छापल्याबरहुकूम केला होता.
पहाटे चारला उठून लोण्याने माखला,
पोटात लिंबू, कांदे, सफरचंद कोंबलं,
तासातासाला गुडघ्यांवर बसून आत डोकावले
बाळंतिणीच्या खोलीत डोकावावं तशी.
वरून सोन्यासारखा. छाती कापली, तर लाकडाचा भुसा.
मांडीच्या सांध्याशी अजून रक्त.
व्याही हार्लन म्हणाले, फारच सुंदर,
आणि तीन पेले पाणी प्याले.

यंदा सगळ्यांना सल्ले सुचले.
रणजितला तो गॅरेजमध्ये तेलात तळायचा होता,
चार गॅलन तेल, खाली भडकता गॅस.
म्हटलं, बर्फातून काढलेलं धूड उकळत्या तेलात सोड
आणि शेजारणीला छप्पर भरून दे.
ऊर्मिलाचा फोन: कणा काढ, पुस्तकासारखा उघडून भाज.
हार्लन म्हणाले, हिकरीचा धूर, चौदा तास, आणि धीर.
मी सगळ्यांना हो म्हटलं.

बुधवारी रात्री ओट्यावर वर्तमानपत्रं पसरली.
दत्ताजीरावांनी तंगडी धरली, तोंड दुसरीकडे करून.
सांधा सापडला की सुरी आपोआप जाते,
हे कोल्हापुरात आई कोंबडीवर शिकवायची;
सांधा इथलाही तिथेच असतो, फक्त मनगट थकतं.

तंगड्या तांबड्यात गेल्या, कांदा-लसूण मसाला दोन मुठी.
हाडं पांढऱ्यात: खसखस, काजू, नारळाचं दूध,
सगळ्यात मोठं पातेलं, तरी मान बाहेर राहिली.
छातीचा एक भाग मिठाच्या पाण्यात मुरवून हार्लनच्या धुराला,
दुसऱ्याचा खिमा.
पंख रणजितने अंगणात भाजले, डोक्यावर छत्री धरून,
कुंपणापलीकडून शेजारणीचा कुत्रा त्याला हुकूम देत होता.

दुपारी हार्लननी पांढरा रस्सा कॉफीच्या मगात घेतला.
मग दुसरा मग.
तिसऱ्याला म्हणाले, माझी आई शुक्रवारी हाडं उकळायची,
उरलंसुरलं, जव घालून.
मला तेच आवडायचं, गुरुवारपेक्षा.
तिला कधी बोललो नाही.
ती गुरुवारसाठी एवढी राबायची.
क्रिस्टन वडिलांकडे बघत राहिली,
हे तिनेही पहिल्यांदाच ऐकलेलं.

आणि मग तारिणी, वय सहा:
टर्की कुठाय?
दाखवलं. ही तंगडी. हा पंख. हे भांडं, ते पातेलं.
तिने प्रत्येक झाकण उचललं, वाफेत डोळे मिटले,
आणि मान हलवली. हा नाही. अख्खा.

ती वर गेली, दप्तरातून कागद घेऊन आली.
हाताचा पंजा ठेवून काढलेला:
अंगठा म्हणजे डोकं, बोटं म्हणजे पिसारा,
करंगळीचं पीस कात्रीत गेलेलं.
मी मोठी परात पुसून दिली.
तिने तो मधोमध ठेवला, चोच हार्लनकडे करून.

ते सवयीने उठले, सुरी हातात,
चाळीस वर्षं तेच कापतात.
परातीकडे पाहिलं.
सगळे थांबलो.
त्यांनी सुरी खाली ठेवली, नॅपकिनने पुसून,
आणि भाकरीची टोपली पुढे सरकवली.

रात्री तेवीस ताटं घासून झाली.
तांबडा संपला, पांढऱ्याच्या तळाशी खसखस उरली.
ओव्हन दिवसभर थंडच होता.
उरलेल्या भाकरी फडक्यात गुंडाळून आत ठेवल्या,
आणि दाराला सुतळी बांधली.