पावाच्या डब्यात

संध्याकाळी सातला मी फोन पावाच्या डब्यात ठेवते.
खाली काळा पाव, वर फडकं, फडक्यावर फोन.
डब्याचं झाकण पत्र्याचं, उघडलं की किंचाळतं.
एकटीच्या घरात चोरी पकडायला
तेवढं पुरतं.

पियानो सुरात लावणं हे माझं काम.
तुर्कू शहरात, नदीच्या दोन्ही काठांना,
शाळांमधून, चर्चमधून, म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोल्यांतून.
दोन तारा एकदम वाजवल्या की त्यांच्यामध्ये एक लाट हलते.
खुंटी पिळत ती लाट लांबवायची,
लांबता लांबता ती नाहीशी होते.
तिथे थांबायचं.
केसभर पुढे गेलात तर पुन्हा पहिल्यापासून.

फेब्रुवारीत, लेहतोवारा बाईंकडे, ती लाट हातून निसटली.
मांडीपाशी फोन थरथरला, मी पाहिलं:
कुणाच्या तरी मांजराचा वाढदिवस.
परत कान लावला तर सूर सापडेना.
"दमलीस का?" बाईंनी विचारलं.
"हो," म्हणाले मी.
एकतीस वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले.

नंतर फार मोठं काही केलं नाही.
जुन्या बाजारातून चावीचं गजराचं घड्याळ आणलं.
ते चार मिनिटं पुढे धावतं,
त्यामुळे रोज सकाळी माझ्याकडे चार मिनिटं उरतात
आणि बघायला फक्त छत.
फोनच्या पडद्याचे रंग काढून टाकले.
नातू ओत्सो म्हणाला,
"मुम्मो, तुझ्या फोनमध्येसुद्धा नोव्हेंबर आहे."
बसथांब्यावर लोकांचे बूट बघते,
कुणाच्या टाचेला रस्त्यावरचं मीठ किती चढलंय.

मंगळवारी हरले.
रात्री एकला, स्वयंपाकघरात, अंधारात, अनवाणी,
डब्याशी उभी राहून
अनोळखी बाईच्या घटस्फोटाची हकिगत शेवटपर्यंत वाचली.
सकाळी पडद्यावर पावाचा चुरा होता.

आणि खिसा रिकामा असला तरी मांडी थरथरते अजून.
स्वर दाबून धरला तरी लाकडात थोडा वेळ उरतो,
तसलं काहीतरी असेल.
ओसरेल. किंवा नाही ओसरणार.

काल पुन्हा लेहतोवारा बाईंकडे गेले.
फोन बाहेर, कोटात, बंद.
तोच सूर. तीच लाट.
रस्त्यावरून बर्फ ढकलणारी गाडी गेली, तिला जाऊ दिलं.
खुंटी जराशी. अजून जराशी.
लाट लांबली, पसरली, आणि
तिथे.

मागे वळले तर बाई खुर्चीतच झोपलेल्या,
हातातली कॉफी कलंडायला आलेली.
कप काढून घेतला. उठवलं नाही.
पूर्वी असली दहा मिनिटं
मी अंगठ्याने खरवडून संपवली असती.
बसून राहिले.
स्वयंपाकघरात त्यांचा फ्रीज गुणगुणत होता,
सुरात नाही, किंचित उतरलेला.
त्याला मी काही केलं नाही.