उगवणचाचणी

शिलास मास्तर आठवडाभर झेडपीच्या शाळेत गणित शिकवायचे
आणि रविवारी आमच्या जालन्याच्या चर्चमध्ये देवदूत.
म्हणायचे, देवदूताची जात त्याच्या एकट्यापुरती असते.
आमच्या वस्तीत या वाक्यावर हसले सगळे.
मास्तर हसले नाहीत.
अंगच नाही, तर एकाला दुसऱ्यापासून कशानं ओळखणार?
म्हणून एकेक देवदूत हाच एकेक अख्खा वाण.

बियाण्याच्या लॅबमध्ये लागले तेव्हा कळलं मला
केवढी अडचण ही:
वाणात दाणा एकच.
तपासायला घेतला, तर पेरायला काय उरलं?

मी रोज चारशे मोजते.
सोयाबीन, ओल्या कागदावर, शंभर-शंभर चारदा.
गुंडाळी, लॉट नंबर, पंचवीस अंश.
आठव्या दिवशी उलगडायचं:
चांगलं रोप. वाकडं रोप. कुजलेलं.

अनंत म्हणजे मास्तरांची सतरंजी.
न संपणारी, आणि भरलेली.
दारात नवा कुणी आला की पहिल्यानं दुसऱ्याच्या जागी सरकायचं,
दुसऱ्यानं तिसऱ्याच्या,
सरका की जरा, सरका,
कुणी उठत नाही आणि जागा होते.
आणि एक उठून गेला तर, मास्तर?
तर काही कमी होत नाही, पोरी.
मागचे पुढं सरकतात. तेवढेच असतात.

लहानपणी फार आवडायचं हे.

रूबेन घाणेवाडीच्या तलावात गेला
त्या आठवड्यात मास्तर घरी आले,
समजूत घालायला म्हणून हेच सांगू लागले
आणि अर्ध्यात थांबले.
आई कप मांडत होती.
सवयीनं एक जास्त निघाला, तो तिनं परत ठेवला.

शाहेदा माझ्या शेजारच्या टेबलाला बसते.
विचारलं, तुमच्यात किती गं फरिश्ते?
"सगळे किती, ते अल्लाला ठाऊक. माझ्या वाट्याला दोन.
एक ह्या खांद्यावर, एक ह्या. लिहू लालेत."
काय?
"तू आत्ता विचारलीस ते बी."
आणि चिमट्यानं मोड सरळ करत बसली.

संध्याकाळी तलावाकडून परतताना धनगर दिसतो.
आडव्या काठीखालून एकेक मेंढरू सोडतो,
ओठ हलत असतात.
अनंत असती तर कामून मोजली असती त्यानं?
ज्याला कमी पडायचं भ्या, तोच मोजतो.
वरच्यानं आम्हाला मोजावं
एवढीच माझी प्रार्थना,
मग त्याचं आभाळ लहान निघालं तरी चालेल.

आज तीनशे एक्क्याण्णव उगवले. नऊ कुजले.
पावणेअठ्ठ्याण्णव टक्के.
अहवालात पाव-पाऊण चालत नाही,
पुरता आकडा लागतो: अठ्ठ्याण्णव.
म्हणजे तीनशे ब्याण्णव.
म्हणजे कुजलेल्यांतला एक
कागदावर उगवला.

सही करून दिली मी.
शाहेदा डबा धुवायला गेलीय.
मी नऊच्या नऊ समोर घेऊन बसलेय,
चिमट्यानं उलटे-पालटे करत.
सगळे सारखेच दिसतात.