म्हातारीला डावीकडे ठेवून

लाबेर-इल्दूतहून निघालो तेव्हा ओहोटी लागली होती
आणि ब्रिएक अजून ब्रेड आणायला गेलेला.
नऊ मीटरची होडी, चार माणसं,
चौघांची मिळून दोनशे बावन्न वर्षं.
हा हिशेब सोआझिगचा. जन्मभर पोस्टात होती, बेरजा सुटत नाहीत.
होडीचं नाव 'स्क्राव', म्हणजे सुरय पक्षी.
नावातलं पहिलं अक्षर गेल्या हिवाळ्यात झडलं.
गुलवेन म्हणतो, राहू दे, ओळखणारे ओळखतात.

पहिल्या दिवशी वारा पाठीशी, बोलणं पोटभर.
कुणाचा गुडघा, कुणाची नात,
कुणाच्या घराला पॅरिसवाल्यांनी केवढा भाव दिला.
कामारेला नांगर टाकला, सार्डिनचा डबा उघडला,
झाकणाची कड ब्रिएकच्या अंगठ्याला लागली,
त्याने अशी शिवी हासडली आणि आम्ही असे हसलो
की शेजारच्या होडीवरचं बाळ जागं झालं.

दुसऱ्या दिवशी धुकं.
पत्ते. कॉफी. पुन्हा पत्ते.
गुलवेनने बदामावर चौकट टाकली, दोनदा.
वाटलं, लबाडी करतोय.
लबाडीत तो पहिल्यापासून कच्चा, म्हणून सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी रा द सेन.
तिथलं पाणी दिवसातून चारदा थांबतं,
कपभर कॉफी पिऊन होईल, एवढंच.
त्याच्या अलीकडे-पलीकडे गेलात
तर पातेल्यात भात शिजतो तसे तुम्ही.
म्हणून चौघंही गप्प. घड्याळ माझ्या हातात.
सुकाण्यावर गुलवेन, चाळीस वर्षं तोच.

पुढे म्हातारी.
दीपगृहाचं नावच ते, खडकावर कमरेवर हात ठेवून उभी.
तिच्या पलीकडे पिवळा-काळा मनोरा,
दोघांनाही डावीकडे ठेवून जायचं.
"म्हातारी दिसली की सांगतो," गुलवेन म्हणाला.

म्हातारी केव्हाची दिसत होती.
मला दिसत होती. ब्रिएकला दिसत होती.
पायरीवर उभं राहून पातेलं पुसणाऱ्या सोआझिगला दिसत होती.

ब्रिएकने एक दोर ताणला, तो ताणलेलाच होता.
मी घड्याळाकडे बघत राहिले,
काट्यांत काही लिहिलेलं असावं तशी.
मग सोआझिग बोलायला लागली, पातेल्याशी,
पाकिटांवरची नावगावं वाचायची त्या आवाजात:
म्हातारी, डावीकडे, तीन बोटं.
तिच्या उजवीकडे मनोरा, एक बोट.
निळी मच्छीमार होडी, जाळं ओढतेय, लांब आहे.
मनोरा, दोन बोटं.
मनोरा, अख्खी मूठ.

गुलवेनने सुकाणू किंचित वळवलं.
थोड्या वेळाने पुन्हा किंचित.
तू का बोलतेयस, असं त्याने विचारलं नाही.
तिने पातेलं इतकं पुसलं
की त्यात कधी काही शिजलं नसावं.

पाणी थांबलेलं होतं. आम्ही गेलो.
मागे वळून बघितलं तर उकळायला लागलं होतं.

ओदिएर्नला त्याने धक्क्यावर दोर फेकला,
खुंटा चुकला. पुन्हा फेकला.
तिसऱ्यांदा बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने तो हवेतच पकडला,
भलतीच गाठ मारून ऐटीत उभी राहिली.
तो उतरला, गाठ बोटांनी चाचपली,
सोडली, परत बांधली, नजर तिसरीकडेच.
"तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत!" ती म्हणाली.
"नाही," तो म्हणाला. "नाही बघितलं."

रात्री चौघं चार फळ्यांवर.
डोलकाठीवर दोर आपटत होता,
तो बांधायला कुणीतरी उठावं असं प्रत्येकाला वाटत होतं.
बऱ्याच वेळाने अंधारातून गुलवेन:
"सोआझिग, उद्या आवाज जरा मोठा ठेव.
वारा समोरून आहे."

ब्रिएक घोरायला लागला.
तो कधीच घोरत नाही.